आजीनं काकांच्या फोटोला अडतीस वर्षं हार घालू दिला नाही. आता घालावा का?

माणदेशी_पोर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आजी गेली. एक्याण्णव वर्षांची होती, झोपेत गेली, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. प्रश्न वेगळा आहे. त्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय.

माझे धाकटे काका श्रीलंकेत मारले गेले. शांतिसेनेत होते. जाफना, नोव्हेंबर १९८७. वय बावीस, लग्नाला आठ महिने झालेले. मी तेव्हा चार वर्षांचा. त्यांनी मला खांद्यावर बसवून ओढ्यापर्यंत नेलेलं मला आठवतं, किंवा लोकांनी सांगून सांगून आठवायला लागलंय.

देह आला नाही. आधी तार आली. आमच्याकडे तेव्हा तार म्हणजे मरणच, त्यामुळे ती आणणाऱ्या पोस्टमनला बघूनच बायकांनी रडायला सुरुवात केली होती म्हणे. मग बऱ्याच दिवसांनी एक सुभेदार आणि दोन जवान एसटीनं आले, लाल कापड बांधलेला कलश घेऊन. आजीनं त्या कलशाकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढ्याशा मडक्यात माझं पोर कसं मावंल? उंबऱ्यातनं वाकून यायचा त्यो." आजोबांनी आणि वडिलांनी संगम माहुलीला जाऊन अस्थी सोडल्या. आजी गेली नाही. दहाव्याला तिनं स्वयंपाक केला, पण हात जोडले नाहीत.

सोप्यात गेलेल्या सगळ्यांचे फोटो आहेत आणि सगळ्यांना चंदनाचे हार आहेत. काकांचा वर्दीतला फोटो त्याच रांगेत आहे, पण हाराविना. एकदा एका पाहुण्यानं न विचारता घातला, तर आजीनं स्टुलावर चढून काढला आणि पाहुण्याच्या हातात दिला. दर दिवाळीला पहिल्या अंघोळीला त्यांच्या नावाचं उटणं भिजवायची. ते कुणी लावायचं नाही. दुपारी तुळशीत ओतायची.

आता थोरले चुलते फलटणवरून हार घेऊन आलेत. म्हणतात, आईची माया होती ती ठीक, पण आता त्या जिवाला मोकळं करा. माझे वडील म्हणतात, हात लावायचा नाही. हार अजून पिशवीत आहे, खुंटीला. काय करावं?

(जाता जाता: गावातल्या १५ ऑगस्टच्या फलकावर काकांच्या नावाखाली आधी "कारगिल युद्ध" लिहिलेलं होतं. आम्ही जाऊन सांगितलं. तीन वर्षांनी दुरुस्ती झाली. आता तिथे "भारत-पाक युद्ध" असं आहे. आम्ही नाद सोडला.)

---

केतकी_वनात

उटण्याशी येऊन थांबले. पुढचं नंतर वाचते.

---

उगाचच

फलकवाल्यांना नकाशा भेट द्या. विनोद सोडा, पण हे फार खरं आहे. आपल्याकडे सैनिक गेला की लढाई एकच, आणि शत्रूही एकच. तिसरा देश कुणाच्या डोक्यातच येत नाही.

---

अण्णा_पंचांग

शास्त्रात याची सोय आहे, ती आधी सांगतो. देह मिळाला नाही तर पालाशविधी करतात. पळसाच्या तीनशे साठ देठांची आकृती करून तिला अग्नी देतात. तुमच्याकडे अस्थी आल्या म्हणजे त्याची गरज नव्हती. शस्त्रानं मृत्यू आलेल्यांचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला असतं, मग तो कुठल्याही तिथीला गेलेला असो. ते कधी केलंय का? केलं नसेल तर आधी ते करा. हाराला धर्मशास्त्रात काही आधार नाही, ती फोटोंबरोबर आलेली पद्धत आहे. हारावरून भांडू नका.

---

माणदेशी_पोर

अण्णा, चतुर्दशीचं दरवर्षी होतं. आजोबांनी सुरू केलं, मग वडिलांनी चालवलं. आजी त्या दिवशी माहेरी जायची.

---

सुभेदार_नि

मी तिथे होतो.

ऑक्टोबर ८७ ला गेलो. जुलैच्या २९ तारखेला भारत-श्रीलंका करार झालेला. आम्हाला सांगितलं होतं की शांतता राखायची आहे, तमिळ बंडखोर शस्त्रं खाली ठेवतील, आपण ती मोजून घ्यायची. ऑक्टोबरात तेच लोक आमच्यावर गोळ्या चालवत होते. रस्त्याखाली सुरुंग, नारळीच्या बागा, बारीक बारीक गल्ल्या. गोळी कुठून आली ते कळत नसे. आणि ज्या घराच्या पडवीत पाणी प्यायचो त्याच घरातला पोरगा संध्याकाळी बंदूक घेऊन समोर असायचा. मनात राग कुणावर धरायचा हेच कळेना. सीमेवर तसं नसतं.

शेवटचं जहाज २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघालं. मद्रासला उतरलो तर तिथले मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत, ते सगळ्या देशानं पेपरात वाचलं. सुमारे बाराशे माणसं तिथे ठेवून आलो होतो. त्या वेळी जो मान मिळायला हवा होता तो मिळाला नाही, म्हणून तुमच्या फलकावर कारगिल येतं.

पार्थिवाबद्दल. आता तिरंग्यात लपेटून घरी येतं ते कारगिलपासून, १९९९ पासून, रुळलं. त्याआधी ६२, ६५, ७१ ला बहुतेकांचा दहनविधी तिथेच, पलटणीच्या हातानं. गावाला तार आणि जमलं तर अस्थी. तुमच्या आजीला काही वेगळं मिळालं नाही, पण म्हणून ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. आईला तोंड बघायला मिळायला हवं.

काकांची पलटण कोणती? इथे नको, खासगी निरोपातून कळवा.

---

तिरकस

सुभेदार साहेब, मान राखून विचारतो. दुसऱ्याच्या यादवीत आपली पोरं पाठवायची आणि मग "देशासाठी बलिदान" म्हणायचं, हे आजीलाही पटलं नसावं. म्हणूनच हार नसेल घातला. राजकारण्यांच्या चुकीला हार कशाला?

---

रेवा_सातपुडा

@तिरकस, आजीनं हार घातला नाही कारण तिचा मुलगा मेलाय हे तिला मान्य नव्हतं. तुम्ही तिच्या नाकारण्याला तुमचं राजकीय मत चिकटवताय. दोन्हीत फरक आहे.

---

तिरकस

असेल. पण प्रश्न राहतोच. कशासाठी गेला हे सांगता आलं तर दुःख सोसायला काही आधार तरी मिळतो. इथे ते सांगता येत नाही.

---

दगडफूल

मी खडकीजवळ राहते. सकाळी चालायला अनेकदा तिथल्या युद्धस्मशानभूमीत जाते. फार नीटनेटकी जागा, हिरवळ कातरलेली, एकसारखे दगड. दुसऱ्या महायुद्धातले सोळाशेहून जास्त सैनिक तिथे आहेत, पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेले एकत्र आणलेले. प्रत्येक दगडावर नाव, पलटण, तारीख, वय. वयं वाचू नयेत. एकोणीस, वीस, बावीस.

दगडाच्या तळाशी घरच्यांना स्वतःची एक ओळ घालता येत असे. अक्षरांची मर्यादा होती, मोकळ्या जागा धरून. मी कधी कधी विचार करते, विलायतेतल्या कुठल्यातरी कोळशाच्या खाणीच्या गावातली बाई कागद घेऊन बसली असेल आणि अक्षरं मोजत असेल. तिनं पुणे कधी बघितलं नाही. मुलगा कुठल्या मातीत आहे तेही नाही. त्यांच्या सरकारचा तेव्हा नियम होता की कुणाचाच देह मायदेशी आणायचा नाही, लॉर्डाचा नाही आणि हमालाचाही नाही.

त्यात एक वीस वर्षांचा आहे. गेटपासून जवळ पडतो म्हणून त्याच्यापाशी मी थांबते, बाकी कारण काही नाही. श्रावणात त्याला चाफ्याचं फूल ठेवते. माझं त्याच्याशी काय नातं? काही नाही. पण तुमची गोष्ट वाचून वाटलं, जाफन्यात कुणी थांबत असेल का?

---

सुभेदार_नि

जाफन्याजवळ पलालीला आपलं स्मारक आहे. कोलंबोजवळ कोट्टेला संसदेच्या परिसरात मोठं आहे, त्यावर सगळी नावं कोरलेली आहेत. तुमच्या काकांचंही असणार. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही ऑपरेशन पवनची, म्हणजे श्रीलंकेतल्या त्या मोहिमेची, नावं आहेत. ते २०१९ ला झालं. तिथे प्रत्येकाच्या नावाची वेगळी वीट आहे. वडिलांना एकदा घेऊन जा. वीट शोधायला तिथले लोक मदत करतात. हात लावू देतात.

---

उगाचच

दगडफूल, तुम्ही त्या गोऱ्या पोराला चाफा देता आणि आम्ही कॉलनीतल्या काकूंना देवाला फुलं तोडू देत नाही. लाज वाटली.

---

थेम्सकाठचा

मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. इथून थोड्या अंतरावर वूटन बॅसेट नावाचं छोटं गाव आहे. अफगाणिस्तान-इराकमधून आलेली पार्थिवं जवळच्या विमानतळावर उतरायची आणि या गावाच्या मुख्य रस्त्यानं जायची. २००७ मध्ये गावातले काही म्हातारे माजी सैनिक आपणहून रस्त्यावर उभे राहिले. पुढच्या वेळी आणखी लोक. मग दुकानं शटर ओढायची, चर्चची घंटा वाजायची, हजारो लोक गप्प उभे. २०११ पर्यंत १६७ वेळा असं झालं, ३४५ जणांसाठी. नंतर राणीनं गावाच्या नावामागे "रॉयल" लावलं.

मी दोनदा उभा राहिलो. त्या युद्धाच्या मी पूर्ण विरोधात होतो, आजही आहे. माझ्या शेजारी उभा असलेला इंग्रज म्हातारा माझ्याहून जास्त विरोधात होता, हे नंतर पबमध्ये कळलं. तिरकस, तुम्हाला उद्देशून लिहितोय. दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात.

देह घरी न आणण्याचा तो नियम इथे १९८२ च्या फॉकलंड युद्धात मोडला, तेव्हा प्रथमच घरच्यांना विचारलं गेलं. काहींनी आणलं, काहींनी मुलाला तिथेच त्याच्या सोबत्यांजवळ राहू दिलं.

---

तिरकस

मान्य. पहिल्या प्रतिसादातली भाषा मागे घेतो. मत नाही.

---

कुटाचा_पणतू

विषय परदेशी मातीचा आहे म्हणून लिहितो. आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले, कुट-अल-अमाराच्या वेढ्यात. वेढा १४७ दिवस चालला, २९ एप्रिल १९१६ ला सगळे शरण गेले. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. घोडे खाऊन दिवस काढले. पुढे कैदेत वाळवंटातून चालवत नेताना कितीतरी गेले. पणजोबांची बातमीच आली नाही. पणजीनं कुंकू पुसलं नाही. बारा वर्षांनी भाऊबंदांनी पुसायला लावलं.

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. गोऱ्यांची आणि आपल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचा नुसता पलटणवार आकडा. २०२१ साली ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं अहवाल काढून माफी मागितली. पणजीला माफी पोचवायला कुणी उरलेलं नव्हतं.

---

तलवारबहाद्दर

इंग्रजांच्या पगारावर इंग्रजांसाठी लढलेले भाडोत्री. त्यांच्यासाठी कसला गळा काढता?

---

कुटाचा_पणतू

दुष्काळ होता, सात पोटं होती, पगार अकरा रुपये होता. तुमच्या पणजोबांनी त्या वर्षी काय खाल्लं ते सांगा, मग बोलू.

---

रायगडचा_वाटसरू

तलवारबहाद्दर, माणगावला कधी आलात तर तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, तो बघा. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं, पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण. तुकडीतले बाकी सगळे पडले. हा एकटा मशीनगनवर धावला, हातबाँब टाकला, एकाला गोळीनं पाडलं. बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून तीच उलटी धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण ज्ञात कबर नाही, समाधी नाही. नाव आहे कॅसिनोच्या स्मारकभिंतीवर. आणि ज्या मोंतोने गावाजवळ तो पडला तिथल्या इटालियन लोकांनी २०२३ मध्ये त्याच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं.

बावीस. धागाकर्त्याच्या काकांएवढाच. त्याच्या बायकोलाही कुणी विचारलं नसेल, कुणासाठी लढला म्हणून.

---

केतकी_वनात

परत आले. सगळं वाचलं. एक विचारू? माणदेशी, तुम्ही आजी, आजोबा, वडील, चुलते, सगळ्यांबद्दल लिहिलंत. लग्नाला आठ महिने झाले होते म्हणालात. काकूंचं काय झालं?

---

उगाचच

मला वाटलं मीच एकटा हे विचारणार.

---

संचालक मंडळ

"शहीद" की "हुतात्मा" यावरचे चौदा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. मुद्दे दोन्ही बाजूंनी चांगले होते (सैन्यदलाच्या कागदपत्रांत "शहीद" हा अधिकृत शब्द नाही, हे खरं आहे), पण इथे एका घरातली गोष्ट चालली आहे. "धारातीर्थी" आवडणाऱ्यांनीही तिकडेच जावं. तलवारबहाद्दर यांना समज दिली आहे.

---

माणदेशी_पोर

केतकीताई, मी ते मुद्दामच टाळलं होतं. तुम्ही बरोबर धरलंत.

काकू तेव्हा एकोणीसची. वर्षभरानं घरात असं ठरलं की मधल्या काकांशी तिचं लग्न लावावं. तिनं नाही म्हणून सांगितलं. घरात बोलाचाली झाली. आजी तिला बोलली, फार वाईट बोलली. ती माहेरी गेली आणि आली नाही. नर्सिंगचं शिकली, पुढे दुसरं लग्न केलं. आमचा संबंध तुटला. आजी गेल्याचं आम्ही तिला कळवलेलंही नाही.

लग्नाचा एकच फोटो आहे. त्यात काकांचे डोळे मिटलेले आणि तोंड वेडंवाकडं. फोटोग्राफरनं वेळ साधली नाही असं आजी म्हणायची. म्हणून तो कधी लावला नाही, ट्रंकेत आहे.

---

सुभेदार_नि

दिराशी लग्न लावायचा आग्रह फार घरांत झाला, आणि त्यामागे माया कमी, हिशेब जास्त असायचा. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता विधवेनं दुसरं लग्न केलं की बंद व्हायचा, फक्त नवऱ्याच्या भावाशी केलं तर चालू. ही अट सरकारनं २०१७ साली काढली. तोवर किती पोरींना त्यापायी एकाच चुलीशी बांधलं असेल, मोजदाद नाही.

आता लिहायलाच बसलोय तर एक गोष्ट सांगतो, घरी कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या कंपनीतला एक पोरगा गेला. कंपनी कमांडर साहेब दक्षिणेतले. आईला मराठीत पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, लिही, जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही. मी तसं लिहिलं. तो जागच्या जागी गेला नव्हता. पोटात लागली होती आणि हेलिकॉप्टर उतरायला जागा नव्हती. दीड तास गेला. पाणी मागत होता. पोटाच्या जखमेला पाणी देत नाहीत, तसं शिकवलेलं असतं. मी ओठांवर ओला रुमाल फिरवत होतो आणि तो रुमाल चोखत होता.

१९९४ ला सुट्टीत त्याच्या गावी गेलो. आईनं जेवायला वाढलं. सगळं झाल्यावर विचारलं, "पाणी दिलं होतं का रे त्याला?" तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. जागच्या जागी गेला असं माझंच पत्र घरात होतं. तरी तिनं तेच विचारलं. मी म्हणालो, दिलं, पोटभर प्यायला.

---

रेवा_सातपुडा

साहेब, तुमचं मन दुखवायचं नाही. पण मला हे लिहायलाच हवं.

माझा भाऊ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेत गेला. देश आणि साल सांगत नाही, तेवढ्यावरूनही ओळख पटेल. नऊ दिवसांनी पेटी आली आणि ती उघडू नका असं सांगितलं. आम्हालाही "त्रास झाला नाही" असं सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. आणि माझी झोप त्या वाक्यानं घालवली. जो त्रासाशिवाय गेला त्याची पेटी उघडायची का नाही? चार वर्षं रोज रात्री मी नवी नवी कारणं शोधली. प्रत्येक आधीच्याहून वाईट. शेवटी त्याचा एक सोबती घरी आला आणि त्यानं नीट सांगितलं, किती वाजता, कुठल्या वळणावर, कोण जवळ होतं. मी कल्पना केलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ते साधं होतं. मी त्या रात्री झोपले.

डाग हॅमरशोल्ड यांच्या नावाचं पदक आलं. संयुक्त राष्ट्रांचे हे प्रमुख स्वतःच १९६१ ला काँगोच्या शांततेसाठी जाताना विमान पडून गेले. आपले कॅप्टन सलारिया त्याच साली डिसेंबरात काँगोतच गेले, परमवीरचक्र. हे सगळं मला भावामुळे कळलं. ते पदक म्हणजे नेहमीचं बिल्ल्यासारखं नसतं, स्फटिकाचं अंड्यासारखं असतं, त्यावर नाव आणि मृत्यूची तारीख. आईनं ते रुमालात गुंडाळून धान्याच्या डब्यात ठेवलंय. म्हणते, काचेचं अंडं कुठं मांडायचं?

खोटं बोलणाऱ्याला बरं वाटतं साहेब. ऐकणाऱ्याला नेहमीच नाही.

---

सुभेदार_नि

ताई, तुमचं खरं असेल. ती आई २००३ ला गेली. आता सांगायला कुणी नाही.

---

रेवा_सातपुडा

मला सांगितलंत ना.

---

दगडफूल

मला वाटतं त्या आईला माहीत होतं, आणि तिनं साहेबांना खोटं बोलू दिलं. कुणी कुणाला सांभाळलं ते सांगता येत नाही.

---

अण्णा_पंचांग

माणदेशी, पंचांग बाजूला ठेवून सांगतो. काकूंना फोन करा. आजीचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत करा. हार पिशवीत राहिला म्हणून कुणाचं काही अडलेलं नाही.

---

थेम्सकाठचा

अण्णांनी पंचांग बाजूला ठेवलं! या दिवसाची नोंद व्हावी.

---

माणदेशी_पोर

तीन आठवडे गायब होतो, माफ करा.

वडील आणि मी काकूकडे जाऊन आलो. नंबर तिच्या माहेरच्या गावातून मिळाला. फोनवर मी नाव सांगितलं तर म्हणाली, "खांद्यावर बसायचास तो?" म्हणजे ओढ्याची आठवण खरी आहे.

तिचे यजमान निवृत्त शिक्षक. त्यांनी स्वतः चहा करून आणला आणि पेपर घेऊन बाहेर ओसरीवर जाऊन बसले. वडील पहिला अर्धा तास काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आई तुला बोलली ते चुकलं. आम्ही ऐकत बसलो तेही चुकलं." काकू म्हणाली, "भाऊजी, त्यांच्यापाशी दुसरं कोण होतं बोलायला?" आजी गेली म्हटल्यावर रडली, आम्हाला वाटलं होतं त्याहून बरीच.

मी हाराचं विचारलं. तिनं आधी ऐकूनच घेतलं नाही नीट, मग हसायला लागली. मोठ्यानं. यजमान आत डोकावून गेले. म्हणाली, "हार? त्यांना? अरे त्यांना झेंडूचा वास आला तरी शिंका यायच्या. मांडवात माझ्या बहिणीनं मोजल्या होत्या, एकवीस. अंतरपाट धरलेला, भटजी थांबलेले, आणि हे शिंकतायत. फोटो बघितला नाहीस का?"

घरी आल्यावर ट्रंक उघडली. डोळे मिटलेले, तोंड उघडं, गळ्यात झेंडूचा हार हा एवढा. अडतीस वर्षं आम्ही त्या फोटोग्राफरला नावं ठेवत होतो.

तो फोटो आता सोप्यात लावलाय, वर्दीतल्याच्या शेजारी. वर्दीतल्याला हार नाही.

सुभेदार साहेब, पलटण कळवली आहे, तुमचा निरोप मिळाला. वडिलांना घेऊन दिल्लीला जायचं ठरतंय. काकूही येते म्हणाली.

---

केतकी_वनात

एकवीस!

---

सुभेदार_नि

दिल्लीला मीही येईन. तारीख सांगा. तुमच्या काकांच्या कंपनीतला एक जण सापडला आहे, सांगलीकडे असतो. काय विचारायचं ते आधी घरात ठरवून या. रेवाताईंचं वाचल्यापासून मी त्याला सांगून ठेवलंय, विचारलं तर खरं सांग, नाही विचारलं तर गप्प बस.

---

उगाचच

सगळं छान झालं, पण एक तांत्रिक मुद्दा. थोरल्या चुलत्यांनी आणलेला हार चंदनाचा आहे. चंदनानं शिंका येत नाहीत.

---

माणदेशी_पोर

त्यांना काल रात्री हाच मुद्दा सुचला. पिशवी पुन्हा खुंटीवरून खाली आली आहे. भांडण चालू आहे.